नवव्या वाढदिवसाचा फ्रॉक

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या टेलरबाईंकडे दर शनिवारी दुपारी त्यांची नर्स मैत्रीण यायची. दोघी एकाच बाकावर शिकलेल्या. मैत्रीण अकरा वर्षं दूरच्या एका थंड देशात म्हाताऱ्यांची सेवा करून परतली होती आणि तिच्या तोंडी सतत तोच देश असायचा. टेलरबाईंनी तो मशीन चालवता चालवताच पाहिला. तिथे म्हणे खिडक्यांना पडदे नसतात. जेवताना कुणी बोललंच, तर बाकीचे हातातला चमचा खाली ठेवून ऐकतात. आमच्याकडे असं केलं तर ताटं गार होतील, ह्यांचं बोलणं काही संपायचं नाही, असं म्हणून टेलरबाई हसल्या होत्या. मुलगी गेल्यावर पहिल्यांदाच.

मुलगी सातव्या वर्षी तापात गेली. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

एका शनिवारी मैत्रिणीने बिचकतच तिकडची एक रीत सांगितली. ती जिच्याकडे कामाला होती त्या म्हातारीची लेक लहानपणीच वारली होती. म्हातारी दर वाढदिवसाला लेक जगली असती तर केवढी झाली असती त्या अंदाजाने एक कपडा शिवायची, सकाळी खुर्चीवर ठेवायची, आणि घरातले सगळे दिवसभर बाहेर जायचे. दिवे लागायच्या आत तो कपडा कुणाला तरी देऊन टाकायचा.

"आणि घरी कुणी थांबलं तर?"

"थांबत नाही कुणी," मैत्रीण म्हणाली. "मी विचारलं होतं. म्हातारीने विषयच बदलला."

टेलरबाई असल्या गोष्टींना भीक घालणाऱ्या नव्हत्या. पण मुलीच्या आठव्या वाढदिवसासाठी निळा फ्रॉक शिवताना हातांना बरं वाटलं. एरवी बोलघेवडा नवरा त्या सकाळी निमूट चपला घालून निघाला. दोघं तळ्याकाठच्या बाकावर बसून राहिले आणि चारला परतले.

फ्रॉक खुर्चीवरच होता. फक्त त्याची बटणं लावलेली होती, एक काज चुकवून. घाईत मुलगी तशीच लावायची. नवऱ्याने फ्रॉक उचलून नाकाशी नेला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काखेत कापड किंचित ओलसर होतं.

संध्याकाळी गल्लीतल्या एका मुलीला फ्रॉक देताना टेलरबाईंची बोटं सुटता सुटेनात.

नवव्या वाढदिवशी पिवळा फ्रॉक खुर्चीवर ठेवून टेलरबाईंनी नवऱ्याला पुढे व्हायला सांगितलं, मी येतेच म्हणाल्या. मैत्रीणही बरोबर जायला आली होती. ती दारातच अडली.

"थांबू नकोस गं."

"एकदाच बघू दे," टेलरबाई म्हणाल्या. "लांबूनच."

मैत्रीण नवऱ्यामागोमाग गेली.

टेलरबाई मशीनच्या खोलीत दार लोटून बसल्या. फटीतून खुर्ची नीट दिसत होती. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत होता. मोरीतला नळ ठिबकत होता.

दोन वाजले. फ्रॉक हलला नाही.

तीन वाजले.

मग नळाचा आवाज थांबला, आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा नवरा आणि मैत्रीण समोर उभे होते. फ्रॉकची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. टेलरबाई रडल्या नाहीत.

"आली नाही," एवढंच म्हणाल्या. "मी थांबले ना."

मैत्रीण मात्र मशीनकडे बघत होती. तिथे गिऱ्हाइकांच्या मापांची वही उघडी पडली होती.

सकाळपर्यंत कोरं असलेल्या पानावर मापं लिहिली होती, नाव नव्हतं. उंची, बाही, छाती, कंबर. अक्षर मोठं, वाकडं, पेन्सिल दाबून काढलेलं. दोनचा आकडा उलटा.

मापं मोठ्या बाईची होती.

टेलरबाईंनी गळ्यातला टेप काढून स्वतःला लावला. उंची बरोबर. बाही बरोबर. छाती आणि कंबर मात्र चार-चार इंच कमी.

"चुकलं असेल तिचं," नवरा हळूच म्हणाला.

पुढच्या वाढदिवसाला दोन महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. आजारपणातून उठून टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या. सहज म्हणून त्यांनी टेप कमरेभोवती घेतला.

माप वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं.