नानांनी आणलेली फरशी

दिपमालानं पाण्याची बाटली फरशीच्या नमुन्यावर उपडी केली, चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी ती त्यावर चढली.

अजिंठा चौफुलीजवळच्या त्या फरशीच्या दुकानात जीवन सहा वर्षं काम करत होता. असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

"मॅडम, टॉवेल आणू का?"

"घसरतं का ते बघतेय."

"मग हात धरायला कुणी तरी जवळ हवं..." तो बोलून गेला आणि स्वतःच गोरामोरा झाला. "म्हणजे, पडलात तर दुकानाचं नाव खराब होईल."

तिनं हसू ओठांतच दाबलं. "हात नको. खरं सांगणारा माणूस हवा. अंगणासाठी हवंय, आणि माझी आई वॉकर घेऊन चालते."

जीवनचा चेहरा गंभीर झाला. "तर मग इथं ठरवू नका. मी घरी येऊन अंगण बघतो."

दिपमाला जामनेरच्या शाळेत शिकवायची आणि आईसोबत पहूरला राहायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, पंडितनानांनी, मोठ्या हौसेनं अंगणात चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. त्याच पावसाळ्यात लिलाबाई ओल्या टाइल्सवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढं दीड वर्ष नानांनी बायकोला हातानं भरवलं, न्हाऊमाखू घातलं, पण तिच्या डोळ्यांत कधी पाहिलं नाही. "ही फरशी मी आणली," एवढंच ते म्हणत राहायचे. गेल्या दिवाळीत तेच म्हणत ते गेले. आता ती फरशी उखडायची, एवढंच दिपमालानं ठरवलं होतं.

त्या रविवारी जीवन आला. जानेवारीचं कोवळं ऊन होतं आणि चुलीवर वांगी भाजत होती. त्यानं अंगण मोजलं, पाणी मागायला आत आला आणि नानांच्या हार घातलेल्या फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला. दिपमालाला ते आवडलं. परक्या माणसाच्या वडिलांपुढं इतका वेळ कोण थांबतं?

"भरीत खाशीन ना रे भाऊ?" लिलाबाईंनी विचारलं.

तो नको म्हणत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. तो खाली मान घालून जेवला.

पुढच्या रविवारी त्यानं पेव्हर ब्लॉक, गुळगुळीत कोटा फरशी आणि पॉलिश न केलेली शहाबादी, तिन्हींचे तुकडे आणून अंगणाच्या कडेला मांडले. "आठवडाभर आईंना यावरून चालू द्या. निवड त्यांची."

पेव्हरच्या सांध्यांत वॉकरचा पाय अडकायचा. कोटा पाणी पडलं की दगा द्यायचा. शहाबादी तेवढी पायाला धरून ठेवायची. लिलाबाई तिच्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच बरं हाये. दिसाले साधं, पन माणूस उभा राह्यते."

"मला साधंच आवडतं," दिपमाला म्हणाली. बोलताना तिची नजर फरशीवर नव्हती... आणि जीवनच्या हातातली टेप सटकन गुंडाळली गेली.

काम गवंड्याचं, तरी प्रत्येक रविवारी जीवन असायचाच. उतार नीट आहे का ते बघायचा, सांधे सपाट भरून घ्यायचा. 'मॅडम'चं 'दिपमाला' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा सिमेंटचा ठिपका तिच्या गालावर उडाला. तो पुसायला त्याचा हात वर आला आणि मध्येच थांबला. मग तिनंच तो हात गालाला लावला. त्याचे डोळे भरून आले होते. हा माणूस किती हळवा, असं तिला वाटलं.

फाल्गुनात काम संपलं. संध्याकाळी पाणी टाकून दोघं उतार बघत उभी होती.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," जीवन म्हणाला. "पण... आधी एक ऐकून घे. नानांना ती टाइल मी विकली."

तिला आधी कळलंच नाही.

"हॉलची टाइल होती. मालकाला माल संपवायचा होता. नानांनी दोनदा विचारलं, अंगणात चालेल ना, घसरणार नाही ना... मी म्हणालो, बिनधास्त न्या. मला माहीत होतं, दिपमाला."

"तुला हे कधी कळलं? नाना म्हणजे तेच, हे?"

"पहिल्याच रविवारी. फोटो पाहिला तेव्हा."

"आणि त्या दिवशी आईच्या हातचं भरीत खाल्लंस."

तिनं त्याला मनगटाला धरून घरात नेलं. "आईला सांग."

तो लिलाबाईंसमोर जमिनीवर बसला आणि त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. त्या नानांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे त्यायले सांगाले पाह्यजे होतं रे. ते दोनदा इचारून आले होते, मले कधी बोलले नाही. आता मले सांगून काय होईन?"

जीवन तसाच उठला. दाराबाहेर त्यानं दिपमालाकडे पाहिलं. "मी थांबेन. कितीही वर्षं."

"नको थांबूस." तिनं दाराची कडी धरली. "आईचा पाय एक वेळ माफ केला असता मी. नाना स्वतःला दोष देत मेले. आणि दोन महिने तू त्यांच्या अंगणात माझ्याकडे बघून हसत होतास. रोज हे आठवत तुझ्यासोबत मला जगता येणार नाही."

"तुझं प्रेम..."

"आहे. ते काय एका दिवसात जातं?" तिनं दार लोटलं.

त्याची गाडी रस्त्याला लागली आणि आवाज विरला. पुढं त्याचे तीन निरोप आले, तिनं उत्तर दिलं नाही. वैशाखात कळलं, तो ते दुकान सोडून धुळ्याला गेला. लिलाबाई रोज सकाळी एकट्या अंगणाला फेरी मारतात. एका सकाळी चालता चालता थांबून त्या म्हणाल्या, "पोरगा वाईट नव्हता ओ."

"नव्हताच," दिपमाला म्हणाली. "वाईट असता तर सोपं गेलं असतं."