पाइपातली लोकर

दिवे गेलेत तर जाऊ देत. ही एक मेणबत्ती पुरे. उद्या तुम्ही सगळे वर बर्फ बघायला जाणार म्हणून माझ्या नातीनं तुम्हाला जेवायला आणलं, आणि आता हात धुतल्याबरोबर मला पुढे केलंय, आजोबा, साडूची गोष्ट सांगा म्हणून. सांगतो. मला लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे ऐकलेलं जसंच्या तसं डोक्यात राहतं, इकडचं तिकडे होत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हाडाचा आचारी. तो कधी थाप मारत नाही असं नाही, पण थाप मारताना त्याला हसू आवरत नाही. हे सांगताना तो एकदाही हसला नाही.

त्या रात्री तो बाहेर पडला तो नळाला पाणी का येत नाही ते बघायला. एवढंच काम. बॅटरी घ्यायची, वर जायचं, पाइपाचं तोंड मोकळं करायचं, परत यायचं. सप्टेंबरातला दुसरा शनिवार, अमावस्येची आदली रात्र.

तो कामाला होता ते घर रस्त्याच्या पार टोकाला. डांबर तिथेच संपतं. पूर्वी बर्फ त्या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत यायचा म्हणे. आता दम लागेपर्यंत चढावं लागतं, तेव्हा कुठे तो दिसतो. हिमनदी म्हणतात तिला. मी एकदाच पाहिली. एखादं आजारी जनावर पडून असावं तशी मळकट, जागोजागी फुटलेली, आणि पोटाखालून सारखं पाणी गळतंय. त्या पाण्याला कुणीतरी काळा पाइप लावून दिलाय. तो उतरत उतरत थेट या घराच्या स्वयंपाकघरात येतो.

दरवर्षी एक तुकडी ते घर भाड्यानं घ्यायची. माझ्या लग्नाच्याही कितीतरी आधी एका मोहिमेनं त्या बर्फाचे फोटो काढले होते. हे लोक त्याच दगडावर उभे राहून, तसंच ऊन असताना, तोच फोटो पुन्हा काढायचे. जुना आणि नवा शेजारी ठेवला की बर्फ किती गेला ते कुणालाही कळावं. चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. त्यांचे जे प्रमुख, त्यांना सगळे सर म्हणत, ते बर्फाबद्दल बोलता बोलता रडायचे. खरे अश्रू. साडू म्हणायचा, "दादा, माझ्या लग्नात सासूबाईसुद्धा एवढ्या रडल्या नव्हत्या."

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्या जुन्या मोहिमेबरोबर आमचे सासरे ओझी वाहायला गेले होते. ते परत आलेच नाहीत. तेव्हा माझी बायको नुकती शाळेत जायला लागली होती, साडूची बायको पाळण्यात. सासऱ्यांच्या अंगात सासूबाईंनी विणलेला करडा स्वेटर होता. करडी लोकर शेवटी पुरली नाही, म्हणून उजव्या बाहीचं मनगट पिवळ्या लोकरीनं पुरं केलेलं. ते म्हणाले होते, "एका हाताला कावीळ झाल्यासारखं दिसतंय," आणि हसत हसत निघून गेले. पुढचा सगळा जन्म त्या बाईनं या एका वाक्यावर काढला. मेले म्हणावं तर पाहिलं नाही. आहेत म्हणावं तर कसं म्हणावं.

साडूनं त्या तुकडीचं काम धरलं ते त्यासाठीच. बर्फ वितळतोय, तर कधीतरी आपला माणूस बाहेर येईल. "दिसले तर घेऊन येईन," असं तो दरवर्षी जाताना सासूबाईंना सांगायचा. त्या वर्षी त्या अंथरुणाला लागल्या होत्या. त्याचा हात धरून म्हणाल्या, "या खेपेला लवकर बघ बाबा. माझ्यापाशी वेळ नाही."

तर त्या शनिवारी दुपारी साडू जेवणाचे डबे घेऊन वर गेला. सर आणि त्यांचा फोटोवाला दगडावर उभे होते. पुढे बर्फ. आणि बर्फातून कमरेपर्यंत वर आलेला एक माणूस.

पालथा पडलेला. हात खाली बर्फातच. स्वेटर भिजून काळा झालेला, मूळ रंग कुठला ते कळायला मार्ग नाही. मानेची कातडी दिसत होती. साबणाची वडी पाण्यात राहिली की कशी होते... तशी.

साडू म्हणाला, "सर, खाली चौकीत फोन करतो."

सर घड्याळ बघत होते. "थांब. ऊन चाललंय. जुन्या फोटोत इथे काही नाहीये."

"माणूस आहे, सर."

"माणूस आहे ते मलाही दिसतंय. पण नेमका मधोमध आहे. फोटो जुळायला नको?"

फोटोवाला म्हणाला, "पोलीस आले की आठवडाभर कुणाला वर सोडणार नाहीत. वर्ष वाया."

"सोमवारी निघताना कळवू," सर म्हणाले. "इतकी वर्षं थांबलाय. दोन दिवसांनी काय बिघडतंय त्याचं?"

"आमचे सासरे असतील, सर. निदान तोंड बघू द्या."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी प्रेमानं. "उद्या सकाळी नीट उजेडात बघ. आम्ही जपून बाजूला ठेवतो. तू खाली जाऊन सूप टाक."

त्यांनी त्या माणसाच्या काखेखालून दोर घातला. साडू पाठ करून उतरायला लागला. मागे आवाज आला. चिखलात रुतलेला बूट ओढल्यावर येतो तसा. मग सर म्हणाले, "आता स्वच्छ येईल."

संध्याकाळी साडूनं सूप केलं. मग चहा. चहावर तेलाचा पातळ पापुद्रा आला. त्यानं भांडं बदललं. पुन्हा तेच. भांड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत. वास होता. भिजलेल्या लोकरीचा, आणि खवट झालेल्या चरबीचा. त्याला वाटलं, आपलंच नाक बिघडलंय. दुपारपासून तेच डोक्यात आहे ना. सरांनी दोन पेले चहा घेतला. म्हणाले, "आज चहाला दम आहे."

काय झालं गं? सूप जास्त झालं का तुझ्या मैत्रिणीला? पाणी दे तिला. नको? बरं.

भांडी घासायला घेतली तर नळ खाकरला. दोनदा थुंकला, आणि बंद. फोटोवाला पोटात दुखतंय म्हणून माडीवर जाऊन झोपला होता. सर एकटेच टेबलाशी बसून कॅमेऱ्यात तो फोटो बघत होते. साडूनं बॅटरी उचलली आणि बाहेर पडला.

वारा नव्हता. चांदणं नव्हतं. वर कुठेतरी दगड सुटून घरंगळत होते, तेवढाच आवाज. तो पाइपाच्या कडेकडेनं चढला. जिथे पाइपाला जोड आहे तिथे थांबला. जोड सोडला. आत बोट घातलं.

मऊ काहीतरी लागलं.

ओढलं. धागा होता. पिवळा.

आणखी ओढलं. येतच राहिला. ओला, बुळबुळीत, न संपणारा. हाताला गुंडाळत गेला. गुंडाळत गेला. मग पिवळा संपला...

पुढे करडा लागला.

  मग हाताला लोकर गुंडाळत गुंडाळत, पाइप धरून वर गेला. पाइपाचं दुसरं तोंड एका डबक्यात असतं. बर्फाच्या कडेला, मोठ्या दगडाच्या आड. सरांना आणि फोटोवाल्याला ते ठाऊक नव्हतं. पाणी नळातून येतं, एवढंच त्यांना ठाऊक.

बॅटरी पाण्यावर धरली.

जपून ठेवलं होतं खरं. वर दगड ठेवले होते. तरंगू नये म्हणून. आता तोंड वर होतं. सासूबाईंच्या पेटीत एक फोटो आहे, तेच तोंड. तरुण. साडूचे केस पांढरे झालेले, आणि सासरा जेमतेम तिशीचा. करडा स्वेटर. डाव्या बाहीचं मनगट करडं. उजवी बाही नव्हतीच. उघडा हात, आणि पाइपाचं तोंड त्या काखेशी. त्या हातावरचं सगळं... उकललेलं. सुटं होऊन पाण्यात हलत होतं.

साडूनंही तोच चहा प्यायला होता.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं.  बऱ्याच वेळानं तोंड पुसून तो म्हणाला, "मामा, माणसं घेऊन येतो. घरी न्यायला आलोय."

हातातली लोकर ताणली गेली.

हळूच. मासा गळाला तोंड लावतो तशी.

त्यानं बॅटरीचा झोत पाण्यावर टाकला. दगड होते. पाणी होतं.

मधे कुणी नव्हतं.

आणि लोकर पाण्याकडे जातच नव्हती. ती त्याच्या पाठीमागे जात होती. उताराकडे... खाली... घराकडे.

तो कसा उतरला ते विचारू नका. स्वयंपाकघरात दिवा जळत होता. दार उघडं. सर म्हणाले, "कुठे होतास? पाहुणा आलाय बघ."

शेगडीजवळच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. दाराकडे पाठ.

"कुठल्या तरी तुकडीचा हमाल असावा," सर म्हणाले. "पोरगाच आहे. बोलत नाही. कुडकुडतोय म्हणून किटलीतला उरलेला चहा दिला."

डावी बाही करडी. उजवा हात खांद्यापर्यंत उघडा. खुर्चीखाली पाणी साचत होतं. समोर पेला. काठोकाठ. हात लावलेला नाही.

साडू खुर्चीकडे एक पाऊल सरकला. 

"मामा..."

सर हसले. "मामा? अरे, तो तुझ्या मुलाएवढा..."

थांबले. त्यांची नजर त्या काखेवर गेली होती. दोराचा वळ होता तिथे. खोल. पांढरा.

मग सरांनी टेबलावरच्या आपल्या पेल्याकडे पाहिलं. मग बंद नळाकडे. मग पुन्हा पेल्याकडे...

"तुम्ही त्यांना कशात ठेवलंत, सर?" साडूनं विचारलं.

सरांनी आपला पेला दूर सरकवला.

पाहुण्यानं मान वळवायला सुरुवात केली. फार हळू. साबण चिरडावा तसा आवाज होत होता.

दिवा गेला.

अंधारात... काही नाही. श्वास दोघांचेच. तो वास मात्र दाटत गेला. इतका, की जिभेला लागला.

काडी पेटली तेव्हा खुर्ची रिकामी होती. सर भिंतीला धरून ओकत होते. ओकून झालं, बाहीनं तोंड पुसलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य ऐका. म्हणाले, "हे कुठे बोलू नकोस. लोक फोटोवर शंका घेतील."

साडूनं त्यांच्यासमोरच चौकीत फोन लावला.

पहाटे माणसं आली. सासरे डबक्यात होते, दगडांखाली, होते तसे. रविवारी संध्याकाळी त्यांना घरी आणलं. तिथे मी होतो. दोन्ही मुलींनी सासूबाईंना धरून बसवलं. त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "किती लहान आहे गं हा." मग उघडा हात चाचपला. "माझी बाही कुठाय?"

साडूनं हाताला गुंडाळून आणलेल्या लोकरीचा गुंडा पुढे केला. त्यांनी तो धुवायला लावला. धुतला. पुन्हा धुतला. साबण संपला, वास जाईना. त्या म्हणाल्या, "असू दे." आणि अंथरुणाला लागलेली ती बाई रात्रभर उठून बसली आणि तशाच ओल्या लोकरीची बाही विणली. सकाळी त्याला घातली, मग निरोप दिला. पुढे दोन महिन्यांनी त्याही गेल्या. शांतपणे गेल्या.

तो फोटो मी पाहिलाय. नातीनंच मोबाइलवर दाखवला. फार नावाजला गेला म्हणे. राखाडी दगड, मळका बर्फ, बाकी काही नाही. खाली सरांनी काय लिहिलंय ते तिनं वाचून दाखवलं. इथे आता काहीच उरलेलं नाही, असं. मी मोबाइल परत दिला आणि हात धुऊन आलो. बर्फासाठी रडणारा माणूस, आणि त्या बर्फातल्या माणसाला दोर लावून ओढतो. अजून रडतो म्हणे, भाषणात.

आता राहिला तो चहाचा पेला. काडी पेटवून साडूनं बघितलं तेव्हा तो शेगडीशेजारी तसाच होता. काठोकाठ. त्यानं ओतून टाकायला उचलला, तर ओतेना. गोठलेला. तापल्या शेगडीजवळ. त्यानं तो फडक्यात बांधून घरी आणला. उन्हात ठेवला. चुलीवर ठेवला. बाहेरून पेला चटके देतो, आत चहा दगडासारखा. शेवटी माळ्यावर ठेवून दिला आणि कुणी त्याचं नाव काढलं नाही.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. त्यानं शिडी लावली, फडकं खाली आणलं, माझ्यासमोर सोडलं आणि म्हणाला, "दादा, तूच बघ. मला वाटतं मलाच भास होतोय."

मी पाहिलं. चहा तसाच होता, गोठलेला. वर बोट ठेवलं तर चिकटलं.

काठापासून एक घोट कमी झाला होता.