खिडकीवरच्या फुल्या

हे घडलं तेव्हा सुतार माझ्यासोबत होता. एकटी असते, तर भास समजून गप्प बसले असते.

रात्रही नव्हती. दुपारचे चार. दुसऱ्या मजल्यावरची बाबांची खोली.

पण आधी त्या बुधवारबद्दल सांगते.

खोलीला नवा रंग देऊन चार दिवस झाले होते. बाबा लाकडी खिडकीशी झटत होते. चौकटीवर बोटाच्या पेराने टक्... टक्... वाजवायचं. आवाज बसका आला, की तिथे अडलंय. तिथे पेन्सिलीने फुली मारायची. ही त्यांची जुनी पद्धत.

त्या दिवशी चारी बाजूंना फुल्याच फुल्या.

"लाकूड फुगलंय गं, ठमे. म्हातारपणी सगळेच हट्टी होतात."

"तुम्हाला म्हातारपणाची वाट पाहावी लागली नाही."

ते हसले. पुन्हा खांदा लावून ढकलू लागले.

"राहू द्या. चहा घ्या."

"उघडल्याशिवाय नाही."

गुरुवारी सकाळी ते खिडकीखाली पडलेले दिसले. पेन्सिल मुठीतच होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

महिन्याभराने आवाज सुरू झाला.

रोज चारला. टक्... टक्...

बाहेरून.

त्या बाजूला गच्ची नाही. झाड नाही. दोन मजले खाली थेट रस्ता.

शेवटी मी सुताराला बोलावलं. त्याने फटीतून पातं फिरवलं. रंगाची लांबलचक साल सुटून आली.

"फुगलंय कुठे, ताई? खिडकी बंद ठेवून रंग मारलाय. कोणाचं हे शहाणपण?"

"बाबांनीच मारला असेल."

खोटं होतं ते.

टक्.

सुताराचा हात थांबला.

खिडकी आता पूर्ण मोकळी होती. चारी फटींतून उजेड दिसत होता. त्याने ढकललं. मग दोघांनी मिळून ढकललं.

हलली नाही.

"पलीकडून कोणीतरी धरलंय," तो हळूच म्हणाला. पिशवी उचलून निघाला. पातं इथेच राहिलं. ते न्यायला तो अजून आलेला नाही.

त्या दिवसापासून आवाज बंद झाला...

आणि फुल्या सरकू लागल्या.

पहिली खिडकीशेजारच्या भिंतीवर. दुसरी दाराच्या चौकटीवर. मी पुसून टाकायचे. सकाळी एक नवी असायची, थोडी पुढे.

आज ती माझ्या खुर्चीच्या हातावर होती.

मी पुसली नाही. चार वाजता बाबांच्या खोलीत गेले आणि खिडकीवर तळवा टेकला. ती उघडेल का, मला माहीत नव्हतं. उघडावी असं वाटतंय का, तेही नाही.

पलीकडे अगदी शांत होतं. कोणी कान देऊन उभं असावं, तसं.

"बाबा," मी म्हणाले, "रंग मी दिला होता. खिडकी उघडी ठेव, असं तुम्ही दोनदा बजावलं होतं. मला घाई होती. बुधवारी तुम्ही खांदा लावत होतात, तेव्हा मला माहीत होतं ती का उघडत नाही. आणि मी म्हणाले, चहा घ्या."