क्लचवरचा पाय

२००८ च्या जानेवारीत एका संध्याकाळी मुन्ना आणि मी हिंगोलीहून गोडेतेलाचा डबा घेऊन कनेरगाव नाक्यावर गेलो. तिथं संतराममामांचा धाबा. डबा उतरवला, चहा झाला, तेवढ्यात लाइट गेली. वाशीमकडं जाणारे ट्रकही कमी झाले होते. मामांनी शेकोटी पेटवली आणि आम्ही खाटेवर बसलो.

मुन्ना नुकताच कतारहून आला होता. तिथं तो एका शेठची गाडी चालवायचा. आता गावातच राहायचं, एखादी जुनी जीप घ्यायची आणि सवारी मारायची असं त्याचं चाललं होतं.

"तिकडं गिअरची भानगडच न्हाई मामा," तो म्हणाला. "आटोमेटिक. डाव्या पायाला कामच न्हाई. मी तं मांडीवर घेऊन बसायचो." आणि त्यानं डावा पाय उचलून खाटेवर घेऊन दाखवला.

मामांनी हातातली काडी शेकोटीत फेकली.

"पाय खाली घे."

"काहून?"

"खाली घे म्हनलं ना, भाड्या!"

मुन्नानं पाय खाली घेतला. मामा समोर टेकले. मग सांगू लागले.

हसू नका. देविदास बी असाच हसायचा. आता मधी कोनी बोललं तं मी उठून जाईन, अन् बसा मग दोघं अंधारात.

देविदास म्हंजे पलीकडच्या तांड्यावरचा. माझ्याकडं त्याचं रोजचं उठनं-बसनं. सौदीत आठ वर्षं गाडी चालवली त्यानं. ह्या मुन्न्यावानीच, आटोमेटिक. गाडी शिकला तोच तिकडं. स्टेरिंग डाव्या बाजूला, गाडी उजव्या हातानं चालायची, अन् डावा पाय निस्ता बसून. गिअरच्या गाडीला त्यानं कधी हात लावला नव्हता. पन तांड्यात सांगंल कसा? फारेनचा डायव्हर म्हनून मिरवत होता ना!

अठ्ठ्यान्नवच्या दिवाळीला कायमचा परत आला. पोरगी पुजा, पाच वर्षांची. मधी एकदा सुट्टीवर आला तवाची ती. बापाला वळखंना. "पाव्हना आला, पाव्हना आला," म्हनत आईच्या मागं लपायची. इथं, ह्याच खाटंवर बसून रडला लेकाचा. म्हनला, "संतरामभाऊ, माझं लेकरू मला पाव्हना म्हनून राहिलं."

म्हनून जीप घेतली. लेकरापासून लांब जायचं न्हाई, एवढंच त्याच्या डोक्यात. वाशीमच्या एका दलालानं जुनी जीप गळ्यात मारली. पांढरा रंग नवा कोरा. एवढी सस्ती काहून, हे इचारलं न्हाई यड्यानं.

तांड्यात जीप आली ती गचके खातच. डावा हात गिअर हुडकतोय, डावा पाय मधीच क्लच सोडून देतोय, गाडी बंद. पोरं हसून लोळली. मग हा गडी अंधार पडला की एकटाच सराव करायला निघायचा अन् येताना माझ्याकडं थांबायचा.

एकदा म्हनला, "भाऊ, क्लच दाबला की टिक वाजतं."

"काय वाजतं?"

"टिक. लोखंडावर तांब्या लागल्यावानी."

म्या म्हनलं, तुझ्या पायात रबरी तळाचा बूट, क्लचवर रबर, वाजंल काय? मेस्त्रीनं पाहिलं. त्याला बी काही सापडलं न्हाई. दुसऱ्या येळी म्हनला, "मी पाय उचलतो भाऊ, पन पेडल वर येत न्हाई. कोनीतरी दाबून धरल्यावानी वाटतं." म्या म्हनलं स्प्रिंग गेली आसंल. आपल्या डोक्यात दुसरं काय येनार?

मग आली भोगीची रात्र. सन नव्यान्नव, तेरा जानेवारी, बुधवार. अमावास्या जवळ आलेली, चांदाचा पत्ता न्हाई. थंडी अशी का कुत्रं चुलीपासून हलंना. देविदासच्या बायकोनं, संगितानं, भोगीची भाजी केली होती भुईमुगाचे दाने टाकून. पुजा हुंदडत हुंदडत खाऊन राहिली होती. हसली, अन् ठसका लागला.

दाना श्वासाच्या नळीत गेला. पाठ थापटली, उलटं धरलं, बोट घातलं. निघंना. लेकरू श्वास घेई तशी बारीक शिट्टी वाजे. होट निळे पडाया लागले. तांड्यात दुसरी गाडी न्हाई. दवाखाना हिंगोलीला.

संगिता वरडली, "तुमी डायव्हर हाव ना? मंग पाहून काय राहिले? काढा की गाडी!"

यानं काढली.

संगिता लेकराला घेऊन मागं बसली. हा फुडं एकटा. कशीबशी दुसऱ्या गिअरात टाकली अन् तशीच रडवत नेली. मग तो ओढा आला. तुमी आत्ता त्याच पुलावरून आले. पूल खाली, कठडा तुटका, अन् पूल संपला की चढ.

चढावर गाडी बंद पडली.

आरं, गिअरची गाडी चढावर बंद पडनं म्हंजे काय, हे तुमाला आटोमेटिकवाल्यायला सपनात बी कळायचं न्हाई! ब्रेक सोडला की गाडी मागं. क्लच सोडला की गाडी बंद. काम तीन पायाचं, अन् पाय दोन. हँडब्रेक मेलेला. यानं चावी फिरवून सेल मारला. गचका बसला, बंद. गाडी घसरली. परत सेल. परत बंद. परत घसरली. मागं ओढ्याचं पानी वाजून राहिलं होतं.

"काहून थांबले? अहो काहून थांबले?"

देविदास दोन्ही पाय ब्रेकवर दाबून बसला. घामानं भिजला, एवढ्या थंडीत.

अन् टिक झालं.

त्याचा पाय क्लचवर नव्हता.

पेडल आपलं आपन खाली गेलं. हळू. तळापस्तोर.

मग कोनीतरी त्याचा डावा घोटा धरला. खालून.

गार.

"पाय…"

देविदासनं खाली पाहिलं न्हाई. त्याची मान वळंना.

"माह्या पाय कोनी नाई काढला… समद्यायले काढलं… पिशव्या बी काढल्या…"

बोली वाशीमकडची. आवाज पेडलापासून.

"क… कोन हाय?"

पकड आवळली. हाड करकरलं.

"तुह्या दे."

"सोड… लेकरू हाय मागं… माझं लेकरू…"

"माह्ये बी होते."

गाडी सरकत होती. ब्रेक दाबलेला, तरी सरकत होती. मागचं चाक तुटक्या कठड्याला लागलं. दगड ढासळले. खाली पान्यात पडले.

अन् मागची शिट्टी थांबली.

संगिता बी थांबली. वरडली न्हाई. रडली न्हाई. काहीच आवाज न्हाई.

देविदास म्हनला, "घे."

मांडीपासून खाली सगळं मेलं. आपला पाय हाय का न्हाई, कळंना. अन् तोच पाय उठला. क्लचवर गेला. टिक. गाडी आपोआप चालू झाली, तिनं असा हिसका मारला का संगिता लेकरासकट आपटली, अन् त्या हिसक्यानं पुजा खोकली. शिट्टी परत वाजाया लागली.

मग जीप जी सुटली! पहिला, दुसरा, तिसरा. एक गचका न्हाई. देविदासचा हात निस्ता पायाच्या मागं जात होता. ज्यानं जल्मभर गिअर मारले त्याचा पाय होता तो. अन् हिंगोली येईपस्तोर खालून एकच चालू… "कोनी थांबलं नाई… कोनी थांबलं नाई…"

डॉक्टर देवमानूस. चिमट्यानं दाना काढला. पोरीनं डोळे उघडले अन् म्हनली, "बा कुठं हाय?"

बा म्हनली! पाव्हना न्हाई.

संगिता पळत बाहेर आली. देविदास अजून जीपमधीच. गाडी बंद, पाय क्लचवर. अडकला न्हवता, काही न्हाई. निस्ता निघंना. चार मानसांनी उचलून काढला त्याला.

सकाळी, संक्रांतीची ती, एका टेंपोनं तिघं परत आले अन् माझ्याकडं थांबले. म्या त्याला ह्या खाटंवर निजवलं. म्हनलं, पाय पाहू दे. बुटाची लेस घट्ट, गाठ त्याच्याच हातची. सोडली. बूट काढला. मोजा काढला.

अंगठ्यात तांब्याचं कडं.

देविदास म्हनला, "हे माझं न्हाई."

म्या ते कडं वळखलं होतं.

ग्यानबाचं. वाशीमकडचा जीपवाला. अनवानी गाडी चालवायचा, डाव्या अंगठ्यात ते कडं. क्लच दाबला की टिक वाजायचं. माझ्याकडं कितीकदा चहा पेला असंल त्यानं! दोन वर्षं आधी त्याच पुलावर, रातच्यालाच, त्याची जीप कठडा तोडून खाली गेली. डावा पाय क्लचखाली गुतला. लोकं आली. सवाऱ्या काढल्या, सामान काढलं. याचा पाय निघंना. तं म्हनले, सकाळी पाहू. अन् गेले घरी! जिता मानूस तसाच टाकून गेले. मानसं व्हती का कोन व्हती ती? रात्रभर त्या थंडीत हाका मारल्या असतील त्यानं. सकाळी गार होता.

त्याचीच निळी जीप पांढरी करून देविदासला इकली दलालानं. मला बी वळखू आली न्हाई, देविदासनं टिक सांगितलं तरी.

मामा थांबले. शेकोटी विझत आली होती. लाकूड टाकायला कुणी उठलं नाही.

"मग… पाय?" मुन्नानं विचारलं.

न्हाई आला. ओढत चालतो. डॉक्टर म्हनतात, काही मोडलं न्हाई. कडं सोनारानं कापून काढलं, ते ओढ्यात टाकलं. त्याच्याखाली पांढरा खड्डा पडलेला, वीस वर्षं घातल्यावानी. जीप आनाया कोनी गेलं न्हाई. पन देविदास कुरकुरत न्हाई हां. म्हनतो, "भाऊ, पाय गेला, पन लेकरू बा म्हनतं."

मागल्या महिन्यात मी त्याच्याकडं मुक्कामी होतो. अशीच लाइट गेलेली. देविदास लोखंडी पलंगावर झोपलेला. पुजा आता मोठी झाली, शाळेत जाते. पायथ्याशी बसून कंदिलावर वाचत होती. एक हात पुस्तकावर, दुसरा बापाच्या डाव्या पायावर.

म्या म्हनलं, "काहून धरून बसली गं पाय?"

"झोपंत हालतो, काका."

"हालू दे की."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

हात उचलला.

पाय हळूच उठला. फुडं गेला. पलंगाच्या दांड्यावर टेकला…

टिक.

म्या कंदील जवळ नेला. पाय उघडा. अंगठा उघडा. तो पांढरा खड्डा, बस्स.

टिक.

पुजानं हात परत ठेवला अन् पुस्तकाचं पान उलटलं.