गाठ ओली करून आवळावी

डोंगरातल्या तळ्याच्या तळाशी वर्षभरापूर्वी मी एक तापमान-नोंदक सोडला होता. तो परत आणणे, एवढाच आमच्या मोहिमेचा हेतू होता. आम्ही दोघेच होतो: मी आणि मासेमारीत आयुष्य घालवलेले माझे मामा.

तीन दिवसांच्या चढाईत प्रत्येक मुक्कामी मामांनी मला एकच गाठ शिकवली. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवायची, मागे वळवून सैल फास करायचा, टोकाने फासातून दोन्ही पदरांभोवती सहा वेढे घ्यायचे. हीच गाठ गळ बांधते, हीच दोन दोऱ्या जोडते. मात्र आवळण्यापूर्वी ती तोंडात धरून ओली करायची, असा त्यांचा दंडक होता.

"याला पुरावा काय?" मी विचारले.

"चाळीस वर्षं मासा घरी येतोय."

"गाठ तुटून निसटले, त्यांची नोंद आहे?"

"भेटले की विचारतो, बाईसाहेब."

मी गाठ कोरडीच आवळत राहिले.

चौथ्या दिवशी रबरी होडीतून आम्ही तळ्यात शिरलो. नोंदकाच्या दोरीला बांधलेला डबा तरंगताना दिसला आणि मी दोरी ओढू लागले. निम्मी होडीत आली असेल, तोच वारा उठला. मामांनी जोर लावला आणि वल्हे मधोमध मोडले! मोडक्या टोकाने त्यांचा तळवा उभा चिरला. होडी तळ्याच्या मुखाकडे सरकू लागली. तिथून पाणी कड्याखाली कोसळत होते. नोंदकाचे वजन तळावरून नुसते फरफटत होते.

"दोरी काप," मामा म्हणाले.

"वर्षाच्या नोंदी आहेत त्यात."

"ठाऊक आहे. काप."

उरलेली दोरी ओढायला पाच मिनिटे लागली असती. कड्यापर्यंत जेमतेम दोन होती. मी सुरी चालवली; होडीत आलेली निम्मी दोरी मोकळी झाली. डाव्या हाताला, पंधरा हातांवर, पाण्यात आडवे झालेले एक वाळके झाड होते. मामांचा हात रक्ताने निसरडा झालेला. नोंदक तळाशी अडकलाच तर ओढायला आणलेला चार आकड्यांचा लोखंडी गळ मी मांडीवर घेतला.

दोरी ओवली. वळवली. फास. चार वेढे. पाच. सहा. आवळायला पदर धरले आणि थांबले. ओले करण्याच्या बाजूने माझ्यापाशी पुरावा नव्हता. विरुद्ध बाजूनेही नव्हता, आणि लाळ फुकट होती. मी गाठ तोंडात धरली. गंज आणि चिखलाची चव आली. मग सावकाश आवळली.

पहिली फेक पाण्यात पडली. दुसरी फांदीत रुतली! दोरी ताठ झाली, करकरली. होडी जागच्या जागी वळली आणि थांबली. हात-हात ओढत आम्ही झाडाला लागलो.

काठावर मी मामांचा तळवा बांधला. त्या पट्टीची गाठ मला तीनदा मारावी लागली. नोंदकाची जागा दाखवणारी खूण आता तळ्यात कुठेच नव्हती.

"एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "होडी तिथेच आहे. आता कोरडी मारून जाऊन ये."

मी गेले नाही.