डाव्या दाराची वायर

मे महिन्यातल्या एका रविवारी, जेवणं आटोपल्यावर, उदयने क्वार्टरमागच्या निंबाखाली गाडी लावली, दारं सताड उघडली आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. कारखान्याला सुट्टी होती. एरवी वेळीअवेळी कोकलणारा भोंगा गप्प होता, शेजारीपाजारी कूलर लावून आडवे झाले होते आणि टाउनशिपच्या सरळसोट रस्त्यांवर वाळलेली पानं तेवढी हिंडत होती. असल्या दुपारी भोपाळात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण उदयच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला पान्हासुद्धा पुरत नसे.

गोष्ट साधीच होती. गाडीसोबत आलेले स्पीकर बदलायचे होते. उन्हाने त्यांचे कागदी पडदे चिरले होते आणि आवाज असा फाटका यायचा की गाणारा गातोय की खोकतोय ते कळू नये. गोविंदपुऱ्यातल्या दुकानदाराने नवे स्पीकर खोक्यात घालताना म्हटलं होतं, "फिटिंग यहीं करा लो साहब, दरवाज़ा खोलना आपके बस का नहीं है." ते उदयला झोंबलं. सदाशिव केबलवाल्याचा मुलगा तो, दार उघडायला दुसऱ्याला पैसे देणार?

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सुमित्राबाई गाडीत बसल्या नव्हत्या. खरं तर घराबाहेरच पडल्या नव्हत्या. जेवण चिमणीएवढं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले होते, यांना बाहेर काढा, माणसांत न्या, नाहीतर अशाच वाळत जातील. नागपूरला सिंधूमावशीकडे जाऊ या म्हटलं तर आई एवढंच म्हणाली, "त्या गाडीतलं गाणं डोक्यात जातं रे." नलिनीला, म्हणजे उदयच्या बायकोला, तो सरळ नकार वाटला. उदयला त्यात फट दिसली. गाणं नीट वाजलं तर आई बसेल. बसली तर बहिणीला भेटेल, दोन घास जास्त खाईल. बाप गेला तो गेला, पण डोळ्यांदेखत आई जायला त्याला नको होती.

सदाशिवरावांनी उभा जन्म कारखान्यात केबल ओढण्यात घालवला. लांबलचक पाइपातून केबल ओढायची तर एका टोकाचा माणूस दुसऱ्याला दिसत नाही, ओरडून ऐकू जात नाही. मग बोलायचं ते केबलनेच. दोन झटके म्हणजे 'सोड', तिकडून ढील दे. एकच झटका म्हणजे 'धरून थांब, मी तिकडे येतो'. या क्वार्टरचं वायरिंग त्यांनी बायकोला दुसऱ्या टोकाला बसवून केलं होतं आणि मग ती बोली नवराबायकोची घरगुतीच होऊन गेली. बाजारच्या गर्दीत बाबा आईची करंगळी एकदा ओढायचे आणि कुठेतरी नाहीसे व्हायचे. आई जागची हलायची नाही. बाबा यायचेच.

दवाखान्यात अगदी शेवटीही त्यांनी तिची करंगळी ओढली होती. एकदाच. उदयने ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जाताना हातपाय आखडतात, तसं असेल, अशी त्याने आपली समजूत घातली. आई मात्र त्या दिवसापासून आपल्या खुर्चीतून फारशी उठली नव्हती.

उजवं दार मुकाट्याने उघडलं. काच वरखाली करायचं हँडल, खालचे स्क्रू, मग दाराचं पुठ्ठ्याचं अस्तर. जुना स्पीकर निघाला तेव्हा त्याचा पडदा पापडासारखा बोटात तुटला. नवा बसवायच्या आधी उदयने टॉर्चचा सेल त्याच्या वायरींना टेकवला. ही बाबांचीच युक्ती. सेल टेकला की 'ठप' असा बारीक आवाज होतो, जोडणी सुलट असेल तर पडदा जरा पुढे येतो, उलट असेल तर आत जातो. जुनी वायर गंजली होती म्हणून त्याने माळ्यावरचं करड्या वायरीचं वेटोळं काढलं. घराच्या वायरिंगमधून उरलेली वायर बाबांनी गुंडाळून ठेवली होती. या घरात वायरीचा वीतभर तुकडा कधी कोणी टाकला नव्हता. आता कामाला आली, याचा उदयला फार आनंद झाला.

नलिनी गादीवर पडल्यापडल्या खिडकीतून ओरडली, "अहो, ऊन लागेल! संध्याकाळी करा ना!"

"झालंच!" तो म्हणाला.

डावं दार राहिलं होतं. आईच्या बाजूचं.

त्याचंही अस्तर आणि जुना स्पीकर काढून त्याने वायरीचं वेटोळं पुढच्या मॅटवर ठेवलं. मोकळं टोक डॅशबोर्डखालून, दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीतून दारात घातलं. मग बाहेर उकिडवं बसून स्पीकरच्या भोकातून कोपरापर्यंत हात आत घातला. दाराच्या पोकळीत जुन्या पावसाचा, गंजाचा कुबट वास होता. वायर बोटांना लागली. त्याने ओढली. हातभर आली आणि अडकली. नळीच्या तोंडाशी आवळली असणार. उदयचं लक्ष घामाकडे होतं. लहानपणापासून मुरलेल्या सवयीने त्याने वायरीला दोन झटके दिले.

वायर ढिली झाली. सरसर, जितकी हवी तितकी, बेताने, घाई न करता आत येत गेली.

"बस," तो म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तो एकटाच आहे.

आवळलेली वायर आपोआप सुटते, त्यात काय... असं तो पुटपुटला. पण हात बाहेर काढायचं धाडस होईना. तो तसाच थांबला. निंबावरचा कावळासुद्धा गप्प होता. आणि मग त्याच्या चिमटीतली वायर पलीकडून ओढली गेली. एकदाच.

उदय दचकून मागे कोलमडला. कोपर पत्र्यावर खरचटलं. त्याने आत पाहिलं. सीट रिकामी. मॅटवरचं वेटोळं जागच्या जागी. पण वेटोळ्यापासून डॅशबोर्डखाली गेलेली वायर... ती मधल्यामध्ये ताणून धरलेली होती. कपडे वाळत घालायची दोरी बांधावी तशी ताठ. तिला कोणी धरलेलं नव्हतं. तो बघत असतानाच ती हळूच मॅटवर पडली.

"काय रे, अडकली का?"

आई होती. हातात पन्ह्याचा पेला घेऊन मागच्या दारातून चालत आली होती. वर्षभरात ती पहिल्यांदा अंगणात उतरली होती आणि उदयला आनंद व्हायच्या जागी घाम फुटला.

"तू घरात जा आई. ऊन आहे."

"पांढराफटक पडलायस. घे आधी." तिने पेला त्याच्या हातात दिला आणि भोकातून बाहेर आलेलं वायरीचं टोक सहज उचललं. "ही तर आपल्या घरातली. मी धरते, तू तिकडून बघ."

"नको! आई, सोड ती..."

तिने ऐकलं नाही. टोक करंगळीला गुंडाळून ती उभी राहिली. जुन्या दिवसांत स्टुलावर बसून धरायची, अगदी तशी. मग तिचा हात हलला. आत ओढला गेला आणि परत आला. एकदा. उदयने ते पाहिलं आणि त्याच्या हातातला पेला सांडला.

आईचा चेहरा बदलला. किती दिवसांनी ती हसली! दातांवरून ओठ मागे जाऊन, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडून, लग्नाच्या फोटोतल्यासारखी हसली.

"आले हे," ती म्हणाली.

"कोण आले? आई, काहीतरी काय बोलतेस!"

"थांब म्हणाले होते. थांबलेच ना मी?" तिने हलकेच करंगळी सोडवली. "साडी बदलून येते."

ती वळली मात्र, उदयने पक्कड घेतली आणि वायर कापली. डॅशबोर्डखाली कापली, दाराजवळ कापली, उरलेली खसाखसा ओढून काढली आणि लांब कुंपणाकडे भिरकावली. ते भोक बुजवायला डाव्या दारात नवा स्पीकर नुसता दोन स्क्रूंवर लटकवला. त्याच्या मागे आता वायरीचा धागाही नव्हता. उदयला जरा धीर आला. तुटलं ते तुटलं. आता आईला हात धरून घरात न्यायचं, आणि उद्या सकाळी ही गाडी आनंद नगरच्या मेकॅनिककडे विकायला लावायची.

आई आली ती मोतिया रंगाची साडी नेसून. त्याच्याकडे न बघता डाव्या सीटवर बसली, पदर आवरून घेतला, दार ओढून घेतलं. "लाव गाणं," म्हणाली. "बघू तरी काय केलंस."

तिला बाहेर कसं काढावं ते त्याला सुचेना. शिवाय, खोटं कशाला बोला, त्याला क्षणभर बरंही वाटलं. आई गाडीत बसली होती. याचसाठी तर केला होता अट्टाहास. तो पलीकडून येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला, कॅसेट लावली आणि डाव्या हाताने आईचा हात घट्ट धरला. उजव्या दारातून भजन वाजू लागलं. आवाज गोड, भरदार, स्वच्छ.

"छान केलंस रे," आई डोळे मिटून म्हणाली. "बोलसुद्धा कळतायत."

"नागपूरला जायचं ना आपण? मावशी वाट बघतेय."

भजन संपलं. कॅसेटची नुसती खरखर उरली, आणि तिच्यात डाव्या दारातून आवाज आला.

ठप.

उदयने मान वळवली. लटकणाऱ्या स्पीकरचा पडदा जरा पुढे आला होता. सेल टेकवल्यावर येतो तसा. तो मागे गेला, आणि पुन्हा...

ठप.

त्याच क्षणी त्याच्या मुठीतला आईचा हात डाव्या दाराकडे ओढला गेला. दोनदा. आईची बोटं सैल होती. ओढणारी ती नव्हती.

त्याने मूठ आणखी आवळली. दोन्ही हातांनी आवळली. "नाही, बाबा," त्याच्या तोंडून रडं फुटलं. "नाही सोडणार... अहो, मला आहे कोण..."

"उदय," आई डोळे न उघडता, समजुतीच्या सुरात म्हणाली, "सोड रे."

त्याने सोडला नाही. शेवटपर्यंत सोडला नाही. हात त्याच्या मुठीतच होता, फक्त आतून रिकामा होत गेला, आणि कॅसेटची दुसरी बाजू आपोआप सुरू झाली.

त्याचं रडणं ऐकून नलिनी धावत आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने सासूबाईंच्या नाकाशी बोट धरलं, किंचाळली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. मग रडत रडत उदयची बोटं एकेक करून उकलायला लागली. "सोडा हो... गेल्या त्या... सोडा आता." शेवटचं बोट निघालं. आईचा हात तिच्याच मांडीवर पडला.

उदयचा रिकामा हात सीटच्या मधोमध तसाच अधांतरी राहिला. नलिनी रुमाल शोधायला वळली होती. त्या हाताला कोणीही शिवत नव्हतं.

तेव्हा त्याची करंगळी ओढली गेली. हळूच, पण स्पष्ट. तो दुसऱ्या झटक्याची वाट बघत राहिला. दुसरा आला नाही.

"काय झालं?" त्याच्या तोंडाकडे बघून नलिनीने घाबरून विचारलं. "अहो, असे काय बघताय?"

"काही नाही," उदय म्हणाला. "मला थांबायला सांगितलंय."