हाड धरेपर्यंत

साबण लागलेले दोन्ही हात वर धरून डॉक्टर विशाखा दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आली. नळानं मध्येच दगा दिला होता. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. टँकर कधी येईल, ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं.

“कुणाकडं पाणी आहे का... थोडंसं?”

बाकावरचा एक सावळा तरुण उठला. आपल्या बाटलीतून त्यानं तिच्या हातांवर बारीक धार धरली. ती बोटांकडं बघत होती, तो तिच्याकडं.

“उदगीरचं पाणी हाय,” तो म्हणाला. “जपून.”

तो वीरण्णा. आईला, पार्वतम्माला, घेऊन आला होता. तिच्या खालच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता आणि कवळी टिकत नव्हती. विशाखानं हाडात चार स्क्रू बसवले. कवळी पुढं त्यांवर बसायची होती.

“आजच बसवा की,” वीरण्णा म्हणाला. “चौकात पाटी हाय — एका दिवसात दात.”

“हाड घट्ट असेल तर बसवतात. आईंचं भुसभुशीत आहे. आजच चावायला लागल्या तर सगळा जोर ताज्या स्क्रूवर येईल. तो हलला, की हाड त्याला धरत नाही. तीन-चार महिने थांबू.”

“आन् तवर?”

“मऊ भात. आणि अधूनमधून तपासायला आणा.”

“म्हंजे येत राहावं लागणार...” तो खाली बघून हसला. “बरं झालं.”

तो येत राहिला. एकदा पार्वतम्मानं विशाखाला गाव विचारलं, आडनाव विचारलं.

“मुखेड. सोनकांबळे.”

आडनावावरून म्हातारीला जात कळली. तरी आपणहून तोंड उघडून बसली. जाताना म्हणाली, “भाकरी कवा चावू देती, पोरी?”

“तुमची ती जुनी मागणी पुरी होऊन उदगीर जिल्हा होईल तेव्हा,” विशाखा हसली.

“तवर माझे बी पडतील,” वीरण्णा म्हणाला. “तवाबी तुमच्याकडंच येतो...”

मे महिन्यात तो एकटाच आला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

“अव्वा गेली. पाण्याच्या रांगेत ऊन लागलं.” तो उभाच होता. “आमच्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. तुमचे स्क्रू तिच्यासंगंच गेले.”

विशाखानं हातमोजे उतरवले. “त्या दिवशी मी दात बसवले असते, तर...”

“तर भाकरी खाल्ली असती. शेवटी तेच मागत होती.”

त्यानं दिलासा दिला नाही. तिचा निर्णय चुकला नव्हता, आणि पार्वतम्मा पेजेवरच गेली होती. दोन्ही खरं होतं.

“माझा राग येतो?”

“येतो. लई येतो.” त्यानं दाढीवरून हात फिरवला. “तरी पयली गाडी धरून हितंच आलो, विशाखा. दुसरं कुठं जावं, सुचलंच न्हाई.”

असं नुसत्या नावानं त्यानं तिला कधी बोलावलं नव्हतं.

“घरी माहीत आहे?”

“काकाला सांगितलं. म्हणला, त्या पोरीकडं चालला असशील तर माघारी येऊ नको.”

“मग?”

“आलो की.”

आणि तो बाकावर बसून रडू लागला. विशाखा शेजारी बसली, त्याच्या मनगटावर हात ठेवला. आतून पेशंटनं हाक मारली तरी तिनं हात उचलला नाही.

संध्याकाळी उदगीरची गाडी सुटली. तिच्यात वीरण्णा नव्हता.